अपंगाचे अनुदान : दान की देणे?



गेल्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतील विहारात वंदना झाली, खीरदान झाले आणि मंडळी उठू लागली. तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घराने पाच वर्षांपूर्वी दीक्षा घेतली आहे. त्यांचा थोरला मुलगा चोवीस वर्षांचा. जन्मताना तो रडला नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, असे तेव्हा डॉक्टरांनी सांगितले होते. तो चालत नाही, हाताने घास घेता येत नाही. पण बोललेले सगळे त्याला समजते आणि बुद्धवंदना त्याला तोंडपाठ आहे. त्याला शासनाचे अनुदान मिळते. आपल्याकडे त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. तो पगार चार महिने आला नव्हता. बाई दोन वेळा कार्यालयात जाऊन आल्या. पहिल्या खेपेला हयातीचा दाखला मागितला गेला. दुसऱ्या खेपेला सांगण्यात आले, की वरूनच पैसे आलेले नाहीत, आता सगळ्यांची फेरतपासणी होणार, यादी कमी होणार, तुमचे नाव राहते की नाही ते बघू. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली आणि रिक्षाचे भाडे गेले ते वेगळेच.

मला वाटले, अर्ज लिहून मागतील. त्यांनी विचारले ते निराळेच. "सर, आमच्या आत्याबाई म्हणतात, हे पोराचे भोग आहेत. मागल्या जन्मी कुणाचा तरी पाय मोडला असेल. सरकारने पैसे दिले काय अन् बंद केले काय, भोग कुणाला चुकले? आम्ही तर दीक्षा घेतली. आपल्या धम्मात याला काय म्हणतात?"

मी उत्तर देण्याआधीच भिंतीला टेकून बसलेले एक आबा बोलले. वय ऐंशीच्या पुढे. "भोग नाही न् काही नाही. पण बाई, बाबासाहेबांनी आपल्याला भाकर मागायची बंदी केली. दारोदार भाकर मागणे सोडले म्हणून आपण माणसात आलो. आता सरकारच्या दारात पदर पसरता, ते कशाला?"

एका ठिकाणी, एका मिनिटात हे दोन प्रश्न उभे राहिले. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही आपल्या घराघरांत आहेत. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी त्यांचा नीट विचार करावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम आत्याबाईंचे म्हणणे घेऊ. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. ज्या समाजव्यवस्थेत त्या वाढल्या, तिने त्यांना एवढेच शिकवले. तू या जातीत का जन्मलीस? पूर्वकर्म. तुला विहिरीवर पाणी का नाही? पूर्वकर्म. मग नातू पांगळा का, याचे उत्तर त्यांनी दुसरे कोठून आणावे? घरातील देव्हारा काढणे एका दिवसाचे काम आहे. डोक्यातील दैव काढायला मात्र पिढी लागते.

बाबासाहेबांनी या मुद्द्याचा विचार 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केला आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की बुद्धाने आत्मा नाकारला. एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्माच नसेल, तर मागल्या जन्मीचे पाप या जन्मीच्या मुलाच्या पायात आणून कोण सोडणार? मूल जे घेऊन येते ते आईबापांकडून घेऊन येते. आणि मग बाबासाहेब एक फार मार्मिक गोष्ट सांगतात. पूर्वकर्माची ही शिकवण कशासाठी असेल, असा प्रश्न ते करतात आणि उत्तर देतात, की गोरगरिबांच्या व दीनांच्या स्थितीबद्दलची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज तिचा दुसरा हेतू दिसत नाही. हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. जातीच्या संदर्भात आपण ते मान्यही करतो. परंतु अपंगाच्या संदर्भात ते आठवत नाही. तेथे आपण चटकन 'नशीब' म्हणून मोकळे होतो.

कोणी विद्वान म्हणेल, पाली वाङ्मयात रोगाचा व अल्पायुष्याचा संबंध पूर्वकर्माशी जोडणारी सुत्तेही आहेत. आहेत, चूळकम्मविभंग सुत्त तसे आहे. लपवण्याचे कारण नाही. परंतु त्याच वाङ्मयात संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग आहे. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय, असे तो विचारतो. भगवान उत्तर देतात, की काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही या सर्वांच्या मिश्रणाने, काही ऋतू पालटल्याने, काही निगा नीट न राखल्याने, काही बाहेरच्या आघाताने. आणि कर्मविपाक हे या यादीतील आठवे कारण. सगळेच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःला आलेला अनुभव आणि जगाने मान्य केलेले सत्य दोन्ही ओलांडून जातात, असे ते स्पष्ट सांगतात. दोन वचने परस्परांशी जुळत नसतील तर कोणते घ्यावे, याची कसोटी बाबासाहेबांनी घालून दिलेली आहे : जे बुद्धीला पटते आणि माणसाच्या हिताचे आहे ते बुद्धवचन समजावे. जन्मताना प्राणवायू कमी पडणे ही बाळंतपणातील निगेची बाब आहे. आत्याबाईंच्या सुनेला त्या रात्री वेळेवर वाहन मिळाले असते, तर कदाचित आज तो मुलगा विहारात खुर्च्या लावत असता.

मी शिक्षक आहे, म्हणून वर्गात सांगतो तसे एक उदाहरण सांगतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत प्रत्येक गावात पोलिओने पाय गेलेली दोन-चार माणसे असायची. गाव त्यांना काय म्हणत असे ते येथे लिहीत नाही. त्यांच्याही बाबतीत पूर्वजन्माचाच निर्वाळा दिला जाई. पुढे लसीकरण आले, घरोघरी जाऊन मुलांच्या तोंडात थेंब घातले गेले. पोलिओचा शेवटचा रुग्ण आपल्या देशात 2011 च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि 2014 च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आता विचार करा. कोट्यवधी मुलांची पूर्वजन्मीची पापे दोन थेंबांनी धुऊन निघाली काय? की पाप मुळातच नव्हते आणि थेंब मात्र वेळेवर पोचले नव्हते? विदर्भातील आपल्या कित्येक घरांत सिकलसेलचा आजार आहे. तो आईबाप दोघांच्या रक्तातून मुलात उतरतो. त्यावर रक्ततपासणी आहे, औषध आहे. होमहवन नाही. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, त्यांत सिकलसेल आणि थॅलेसेमिया आलेले आहेत, ही गोष्ट ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी लक्षात ठेवावी.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर : आपल्या धम्मात याला 'दुःख' म्हणतात. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करता येते. जेवढे दूर करता येत नाही, तेवढे वाटून घेता येते.

आता आबांचा प्रश्न. हा मला अधिक अवघड वाटतो, कारण त्याच्यामागे स्वाभिमान आहे.

आबांनी लहानपणी भाकर मागितलेली आहे. बारा बलुत्यांच्या त्या व्यवस्थेत आपल्या माणसाने रात्रंदिवस गावकी करायची, सांगावे घेऊन कोसाकोसावर जायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि संध्याकाळी घोंगडी पसरून 'भाकर वाढा माय' म्हणायचे. दिली तर दिली. शिळी दिली, वरून टाकली, उद्या ये म्हणाले, तरी तक्रार कोणाकडे? बाबासाहेबांनी हे ओळखले होते. म्हणूनच 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे आणि ती रक्कम ठरलेल्या दराने सरकारमार्फत मिळावी, अशी त्यात तरतूद होती. ते विधेयक पार पडू शकले नाही, वतने गेली ती पुढे 1958 च्या कायद्याने. पण त्यातला विचार पाहा. 'काही घेऊ नका, उपाशी राहा' असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. देणाऱ्याच्या मर्जीवरचे देणे बंद करा आणि नियमाने ठरलेले देणे द्या, असे ते म्हणाले. भाकरीच्या जागी पगार.

आपल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या बायाबापड्या या अनुदानाला 'पगार' म्हणतात, यावर शिकलेले लोक हसतात. मीही एकदा दुरुस्ती करायला गेलो होतो, की पगार नव्हे, अर्थसाहाय्य म्हणा. आता मला वाटते, माझाच शब्द चुकीचा होता.

सहाय्य हे मर्जीने होते. संविधान काय म्हणते? कलम 41 मध्ये राज्यावर जबाबदारी टाकली आहे, की बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व आणि माणसाचा स्वतःचा दोष नसताना ओढवलेली विपन्नावस्था यांत त्याला सार्वजनिक मदतीचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी. स्वतःचा दोष नसताना! आत्याबाईंच्या भोगांना संविधानाने दिलेले हे उत्तर आहे. दोष त्याचा नाही, हे राज्याच्या पायाभूत दस्तऐवजात लिहून ठेवलेले आहे. हे खरे, की ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्याच्यावरून थेट कोर्टात जाता येत नाही आणि 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्दही त्यात आहेत. प्रत्येक अर्थमंत्र्याला ते शब्द तोंडपाठ असतात. परंतु 2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले आहे. त्यातही कुवतीचे ते शब्द आहेत. पण कलम 24 मध्ये असे आहे, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगाला मिळणारी रक्कम ही तशाच योजनेतील इतरांच्या रकमेपेक्षा निदान 25 टक्क्यांनी जास्त असावी. कारण उघड आहे. त्याच भाकरीपर्यंत पोचायला अपंगाला जास्त खर्च येतो. रिक्षा लागते, सोबतीला माणूस लागतो, त्या माणसाची मजुरी बुडते.

म्हणून आबांना मी एवढेच म्हणालो, की आबा, पदर पसरणे वेगळे आणि वही पुढे करणे वेगळे. पण आबा लेचेपेचे नाहीत. ते म्हणाले, "मग चार महिने थांबायला लावतात, उद्या ये म्हणतात, यादीतून काढू म्हणतात, ही भाकरच नव्हे का?"

आबांचे म्हणणे बरोबर आहे. आणि येथेच मूळ मुद्दा आहे. कायद्याने ठरलेले देणे जेव्हा मर्जीने दिले जाते, उशिरा दिले जाते, उपकार म्हणून दिले जाते, घटवले जाते, तेव्हा ते पुन्हा भाकर होते. कपातीचा प्रश्न आपण पैशाचा समजतो. तो माणसाला पुन्हा गावकीत नेऊन बसवण्याचा प्रश्न आहे.

कपात दोन प्रकारांनी होते. एक उघड. इंग्लंडचे उदाहरण ताजे आहे. 2025 च्या मार्चमध्ये तेथील मजूर पक्षाच्या सरकारने अपंगांना मिळणाऱ्या भत्त्याच्या अटी कडक करण्याचा प्रस्ताव मांडला. वर्षाला सुमारे 5 अब्ज पौंड वाचतील असा हिशेब होता. अपंगांच्या संघटना उठल्या, आणि सरकारच्याच पक्षाचे शंभरावर खासदार विरोधात उभे राहिले. 1 जुलै 2025 रोजी चर्चा चालू असतानाच सरकारला त्या भत्त्याच्या नव्या अटी विधेयकातून मागे घ्याव्या लागल्या. सगळेच वाचले असे नाही. आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्या नव्या अर्जदारांची वाढीव रक्कम मात्र कमी करण्यात आली. तरी एवढे दिसले, की प्रस्ताव मांडला गेला म्हणून लोकांना विरोध करता आला.

आपल्याकडे दुसरा प्रकार चालतो. येथे प्रस्ताव मांडावाच लागत नाही. केंद्र सरकारची अपंग निवृत्तिवेतन योजना 2009 साली सुरू झाली, महिना 200 रुपये. 2012 मध्ये ते 300 झाले. त्यानंतर सरकारे बदलली, तेल, डाळ, गॅस, एसटीचे भाडे सगळे बदलले. 300 चा आकडा हलला नाही. संसदेच्या समितीने तो वाढवावा अशी शिफारस पुनःपुन्हा केली. दिवसाला दहा रुपये पडतात. तेही अपंगत्व 80 टक्के असेल आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तरच. कोणी कपात केली असे म्हणता येत नाही, कोणाचा राजीनामा मागता येत नाही. नुसते न हलता राहून दरवर्षी थोडी थोडी कपात होत राहते. उघड कपातही अधूनमधून होते. अपंगांच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राची जी योजना आहे, तिला 2022-23 च्या अर्थसंकल्पात सुमारे 240 कोटी रुपये होते, 2023-24 साठी 150 कोटी ठेवले गेले. अशा वेळी सांगितले जाते, की आधीचा पैसाच खर्च होत नाही. उतरंडीतले पाणी कोणी प्यायले नाही म्हणून उतरंड काढून टाकली, असला हा न्याय. पाणी पिणाऱ्याला तिथवर पोचता येत होते की नाही, हे कोणी पाहिले नाही.

महाराष्ट्राबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. येथे संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून आहे. रक्कम 2019 मध्ये 600 वरून 1000, 2023 मध्ये 1500 आणि अपंगांसाठी 2025 च्या ऑक्टोबरपासून 2500 करण्याचा निर्णय झाला. ही वाढ लहान नाही, आणि ती आंदोलने केल्याशिवाय मिळालेली नाही. पण कागदावर 2500 आणि बँकेत चार महिने शून्य, ही गणिताची रीत मला वर्गात शिकवता येत नाही.

ओघात एक सांगतो. गेल्या दहा वर्षांत सरकारी भाषेत 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. दिव्य अंग! हेतू चांगला असेल. परंतु आपण दैवातून बाहेर पडलेली माणसे आहोत. आपल्याला ना पाप हवे ना दिव्यत्व. देवाचा कोप म्हटले काय आणि देवाची देणगी म्हटले काय, दोन्हींत माणूस देवाच्या वाट्याला जातो आणि राज्याच्या वाट्याचे सुटते. शब्द बदलला तेव्हा केंद्राचे 300 रुपये होते, आजही तेवढेच आहेत. म्हणून मी या लेखात जुनाच शब्द ठेवला आहे.

कपातीच्या बाजूने जे बोलले जाते, त्यात दोन गोष्टी वारंवार येतात. पहिली : बोगस लाभार्थी फार आहेत. दुसरी : उत्पन्न न देणाऱ्या माणसांवर किती खर्च करायचा? हे दोन्ही प्रश्न नवे नाहीत. विनयपिटकातील महावग्गात दोन्ही आलेले आहेत, ते वाचून मी स्वतः चकित झालो.

मगधात पाच रोगांची साथ आली : कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार. लोक जीवक वैद्याकडे धावले. सगळी संपत्ती देतो, बरे करा म्हणाले. जीवक म्हणाला, मला राजा बिंबिसाराचे आणि भिक्खुसंघाचे काम आहे, तुमच्यासाठी वेळ नाही. तेव्हा लोकांनी युक्ती केली. चीवर घेऊन संघात शिरले, जीवकाचा उपचार मिळाला, बरे झाले आणि चीवर सोडून घरी गेले. जीवकाने भगवंतांकडे तक्रार केली, आणि या पाच रोगांच्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. म्हणजे बोगस लाभार्थी तेव्हाही होते. कपातवाल्यांना हा नियम आवडेल. पण नीट पाहा. ते लोक खोटे रोगी होते काय? रोग खरा होता, भिक्खुपण खोटे होते. संघात शिरण्याची पाळी त्यांच्यावर आली, कारण मगधाच्या राजाने प्रजेसाठी वैद्य ठेवलेला नव्हता. संघ हा भिक्षेवर चालणारा, घर सोडलेल्यांचा मेळा. त्याने दार आवरून घेतले हे समजू शकते. राज्याला ती सवलत नाही. दोन-अडीचशे वर्षांनी एका बौद्ध सम्राटाने हे ओळखले. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात नोंदवले आहे, की माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सेची सोय केली आहे, आणि जेथे औषधी मुळे-फळे नाहीत तेथे ती आणून लावली आहेत. गिरनारला तो लेख आजही उभा आहे. जीवकाच्या दारातून परत फिरलेल्यांना उत्तर मिळाले ते तेथे. आपण संघाचे नियम राज्याला लावू नयेत आणि राज्याची जबाबदारी विहाराच्या दानपेटीवर टाकू नये.

बोगस प्रमाणपत्रे आजही आहेत, हे नाकारू नका. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंग प्रमाणपत्रावरून आपल्या राज्यात मोठा गदारोळ झाला. तपासणी व्हावीच. आपल्यापैकीही कोणी टक्के वाढवून घेत असेल, तर पंचशीलातील अदिन्नादान त्यालाही लागू आहे. जे दिलेले नाही ते तो घेतो, आणि घेतो ते दुसऱ्या अपंगाच्या ताटातून. परंतु तपासणीचा बडगा पडतो कोणावर? मोठ्या जागेसाठी बनावट कागद करणाऱ्याला वकील मिळतो. अडीच हजारांसाठी बोटाचा ठसा न उमटणाऱ्या मुलाच्या आईला खिडकीवरून परत पाठवले जाते.

आता दुसरा प्रश्न, उत्पन्न न देणाऱ्यांचा. त्याच महावग्गात पुढे एक प्रसंग आहे, तो आपल्या घरातील लहान मुलांना अवश्य सांगा. एक भिक्खू हगवणीने आजारी होता, आपल्याच घाणीत पडला होता. भगवान आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझे करीत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. मग संघ बोलावून तेच विचारले आणि तेच उत्तर मिळाले : तो आमच्यासाठी काही करीत नाही. तेव्हा भगवंतांनी त्यांना समजावले, की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची करावी.

'तो काही करीत नाही.' अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर आज अंदाजपत्रकाच्या भाषेत पुन्हा ऐकू येते. त्या भिक्खूने पुढे काय काम केले, हे ग्रंथात लिहिलेले नाही. बरा होऊन उपयोगी पडेल म्हणून भगवंतांनी त्याला धुतले नाही. आपण मात्र अपंगांची बाजू मांडतानासुद्धा चटकन म्हणतो, की त्यांच्यातही शास्त्रज्ञ निघतात, खेळाडू निघतात, पदके आणतात. निघोत बापडे. पण आमच्या वस्तीतील तो मुलगा पदक आणणार नाही. त्याचे देणे पदकावर अवलंबून ठेवले, तर आपणही त्या भिक्खूंच्याच रांगेत बसलो.

हा विषय आपल्या दारचाच आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले, महाराष्ट्रात 29 लाखांवर. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण 2.21 टक्के, अनुसूचित जातींत ते 2.45 टक्के. कुपोषण, घरचे बाळंतपण, गटारात आणि कारखान्यात अंगावर घेतलेले धोक्याचे काम, उशिरा मिळालेला दवाखाना यांतून हा फरक येतो असे मला वाटते. जात जेथे जाते तेथे आपले माप सोडून जाते. आणि तरीसुद्धा आपल्या सभांत, जयंतीच्या मिरवणुकीत, विहाराच्या बांधकामात अपंगाची आठवण कितीशी होते? आमच्या विहाराला सात पायऱ्या आहेत. त्या मुलाला दर पौर्णिमेला दोघे जण उचलून आणतात. चौथरा उंच हवा म्हणून वर्गणी मागायला गेलेल्यांत मीही होतो.

बाईंना मी काय सांगितले? भोग नव्हे, हे सांगितले. भीक नव्हे, हेही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, मग उद्या माझ्यासंगं चला." सोमवारी शाळेतून अर्धी रजा घेऊन गेलो. आबाही आले, काठी टेकत. खिडकीवर पुन्हा तेच उत्तर मिळाले. बाईंनी तयार केलेला अर्ज पुढे केला : अनुदान कोणत्या महिन्यापासून, कोणत्या कारणाने आणि कोणत्या आदेशाने थांबले, ते लेखी द्यावे. बाबू म्हणाले, ठेवून जा. आबा म्हणाले, "पोच द्या, मग जातो." अर्धा तास लागला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडला, तारीख पडली. बाईंनी तो कागद बँकेच्या पासबुकात घालून पिशवीत ठेवला.

पैसे हा मजकूर लिहीपर्यंत आलेले नाहीत. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर आमच्या विहारात असेच अर्ज लिहिण्याचे ठरले आहे. आपल्याही विहारात बसा. ज्यांच्या घरी अपंग माणूस आहे, त्यांनी अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, आधार कार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक बरोबर आणावे. प्रत्येकाच्या दोन दोन झेरॉक्स काढाव्यात. ज्याला लिहिता येते अशा निदान एकाने तरी त्या दिवशी लवकर घरी जाऊ नये. पायऱ्यांच्या कडेने उताराचा रस्ता करण्याबद्दल आमच्याकडे गवंड्याशी बोलणे झाले आहे.